बारावर थांबलेली ब्युरेट

मी एक जुनी ब्युरेट आहे, तोटी कायमची अडकलेली. ज्यांनी ब्युरेट कधी पाहिली नसेल त्यांनी एक लांब, सरळ काचेची नळी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत बारीक रेघा, वर शून्य, खाली पन्नास. पायाशी काचेचीच एक तोटी. वरून द्रावण भरायचे, तोटी फिरवून ते थेंब थेंब खाली सोडायचे आणि किती सोडले तो आकडा माझ्या अंगावरून वाचायचा. एवढेच माझे काम. पण मित्रांनो, एवढेच काम चोख केले तरी किती जणांची अडचण होते, हे मला फार उशिरा कळले.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या काचेची नळी ओढून मला घडवले, मग तोटी बसवली. ती माझ्या पायात इतकी नेमकी बसली की थेंबही झिरपत नसे. त्यानंतर मला एका बाईंच्या टेबलावर नेले. त्या माझ्यात पाणी भरीत, थोडे सोडीत, सोडलेल्या पाण्याचे वजन करीत आणि मग एक रेघ आखीत. घाई म्हणून नाही. माझ्या शेजारची एक नळी किंचित वाकडी निघाली, तर त्यांनी ती सरळ मोडीच्या टोपलीत टाकली. मला मात्र त्यांनी उजेडासमोर धरले आणि त्या म्हणाल्या, "ही खरं सांगेल." माझ्या आयुष्यात मला मिळालेले हे पहिले कौतुक. मी ते मनावर घेतले, हाच माझा भाबडेपणा.

नंतर मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले. लांबलचक खोली, काळ्या फरशीची टेबले, डाग पडलेली बेसिने, सदा गळणारा एक नळ आणि कधीही न जाणारा उग्र वास. तिथे पहिल्या वर्षाची मुले येत. सामान मांडायला आणि आवरायला एक गृहस्थ होते, त्यांना सगळे मामा म्हणत. शिकवायला सर होते.

सर शिकवायचे झकास, हे मी नाकारणार नाही. दर वर्षी पहिल्या तासाला ते मलाच हातात घेत, कारण माझ्या रेघा सर्वांत स्पष्ट होत्या. मुलांकडे बघून सांगत, "या खोलीत मला बरोबर उत्तर नको आहे. तुम्हांला जे दिसलं ते हवं आहे." मग ते फळ्यावर नियम लिहीत. डोळा द्रावणाच्या पातळीत आणून वाचा. नवी बाटली उघडली की वाचन नव्याने घ्या. काम झाले की ब्युरेट धुऊन उलटी टांगा. मुले भराभर उतरून घेत. मी सरांच्या हातात असे आणि मला अगदी भरून येई.

पण मित्रांनो, फळ्यावरच्या अपेक्षा वेगळ्या आणि मार्क देण्याची रीत वेगळी. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला सर आधी स्वतः एक वाचन घेत आणि तो आकडा मनात ठेवीत. मुलांचा आकडा त्याच्या जवळ आला तर पूर्ण मार्क. जरा दूर गेला तर निम्मे. आणखी दूर गेला तर भोपळा. कसे काम केले, किती वेळा केले, हात किती हलका होता, हे कोणी विचारीत नसे. तीस मुलांचा कारभार एका आकड्यावर उरके आणि सर वेळेवर घरी जात.

मुले काही दुधखुळी नव्हती. खरी अपेक्षा काय आहे हे त्यांनी पहिल्याच परीक्षेत ओळखले. पहिली तुकडी बाहेर पडली की व्हरांड्यात आकडा फुटायचा. मग पुढच्या तुकडीची मुले माझ्यापाशी येत, तोटी पूर्ण उघडीत आणि द्रावण सरळ बेसिनमध्ये सोडीत. हव्या त्या आकड्यावर मी आले की तोटी बंद. खाली फ्लास्कमध्ये, म्हणजे चंबूतल्या आम्लात, काही पडले काय आणि न पडले काय. सर फिरत आले की मुले माझ्याकडे बोट दाखवीत आणि सर मान हलवीत. कोणी मला फोडले असते तरी मला इतके लागले नसते. खरे सांगण्यासाठी जिच्या अंगावर रेघा आखल्या, तिलाच ते खोट्याची साक्षीदार करीत होते.

अशात एका वर्षी ती आली. वर्गातली मुले तिला थेंबाबाई म्हणत. इतरांचे दोन प्रयोग होत तोवर हिचा एक चालू असे. फ्लास्क डाव्या हाताने गोल फिरवीत राही, उजव्या हाताने तोटी अशी सोडी की शेवटचा थेंब माझ्या टोकाशी लोंबत राही. तो अलगद काचेला टेकवून ती घेई आणि फ्लास्कमधले पाणी गुलाबी होई, म्हणजे आम्ल संपले, आता आकडा वाचायचा. गुलाबी म्हणजे भडक नव्हे, आहे की नाही असे वाटावे इतपत. ही नजर तिला घरातून मिळाली होती. तिला वाढवले तिच्या आत्याने, आणि आत्याचे कपडे रंगवून देण्याचे दुकान होते. आत्याचा एक निळा रंग उन्हात विटायचा, गिऱ्हाईक परत येऊन कटकट करायचे. तो का विटतो हे आत्याला कोणी सांगू शकले नव्हते. थेंबाबाईला ते शोधायचे होते. त्यासाठी तिला दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राची शाखा हवी होती, आणि ती मिळणे न मिळणे या प्रॅक्टिकलच्या मार्कांवर होते.

त्या वर्षी परीक्षा तीन दिवस चालली. पहिल्या दिवशी सकाळी सरांनी माझ्यावरच वाचन घेतले. साडेदहा आले, आणि ते बरोबर होते. दोन दिवस सगळे सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी कॉस्टिक सोड्याचे द्रावण संपले. बाहेरून आलेले परीक्षक चहासाठी खोळंबले होते. सरांनी घाईघाईने जुनी बरणी काढली. तिच्यातले खडे हवेने ओलसर होऊन एकमेकांना चिकटले होते. त्यांचेच त्यांनी नवे द्रावण केले, बाटलीवर त्या दिवसाची चिठ्ठी डकवली आणि चहाला गेले. ओलसर खड्यांच्या वजनात पाणीही आले, मग द्रावण सौम्य होणार आणि ते जास्त लागणार, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळते. नवी बाटली, नवे वाचन. नियम फळ्यावर होता, सरांच्याच अक्षरात.

थेंबाबाईच्या वाट्याला मी आले. तिने मला आधी नळाच्या पाण्याने धुतले, मग थोड्या द्रावणाने विसळले, मग भरले. पहिले वाचन आले बारा. ती थबकली. पुन्हा केले. बारा. तिसऱ्यांदाही बारा. शेजारच्या टेबलावर एक मुलगा होता, बोलण्यात कोणाला हार जात नसे म्हणून त्याला वकील म्हणत. त्याने केव्हाच साडेदहापर्यंतचे द्रावण बेसिनमध्ये ओतून टाकले होते. तो मान खाली घालून म्हणाला, "सगळ्यांचं साडेदहा आहे. तेच लिही आणि मोकळी हो."

मित्रांनो, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. मला बोलता येत असते तर मी काय सांगितले असते, कोण जाणे. लिही साडेदहा, असेच बहुधा. पण मला एकच गोष्ट येते, आणि मी बारावरच उभी राहिले. तिने बारा लिहिले. मग ती सरांकडे गेली आणि या बाटलीचे वाचन घेतले होते का, असे हळू आवाजात विचारले. परीक्षक बाजूलाच बसले होते. सरांचा चेहरा उतरला आणि लगेच ताठ झाला.

"बाटलीला दोष देण्याआधी स्वतःचा हात बघ," ते म्हणाले.

निकाल लागला. वकिलाला पूर्ण मार्क. त्या दिवशीच्या सगळ्या तुकडीला पूर्ण मार्क. थेंबाबाईला भोपळा, आणि शाखा हुकली.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. कोपरापर्यंत हात रंगलेले, साडी मात्र पांढरी स्वच्छ. भाची खाली मान घालून मागे उभी. आत्या भांडली नाही. पोरगी पहिल्या तासाहून घरी आली तेव्हा सरांचे बोलणे कौतुकाने सांगत होती, एवढेच तिने सांगितले. मग म्हणाली, "दिसेल ते लिहा म्हणालात. तिनं लिहिलं. तुम्ही एकदा स्वतः करून बघा ना, सर. तिचं चुकलं असेल तर मीच तिला रागावेन."

सर म्हणाले की मार्क वर पाठवले आहेत, आता त्यांच्या हातात काही नाही. आत्याने मान हलवली आणि दोघी गेल्या.

पण सरांच्या मनात ते सलत असावे. प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर त्यांनी ती चिठ्ठी लावलेली बाटली घेतली, मला शून्यापर्यंत भरले आणि तोटी सोडली. साडेदहा आले, पाणी बिनरंगीच. अकरा आले, तरी तसेच. बारावर ते गुलाबी झाले. सरांनी डोळा माझ्या पातळीत आणून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग ते स्टुलावर बसले.

त्यांच्या मनात काय चालले होते ते मला स्वच्छ दिसत होते. पोरीचे बरोबर म्हणायचे, तर त्या दिवशीची बाकीची सगळी मुले खोटी. मुले खोटी, तर त्यांना मार्क देणारे सर कोण? एका पोरीचे नुकसान सोसले की सगळे झाकून जात होते. मामांनी दारातून डोकावून विचारले, "सर, ब्युरेट धुऊन ठेवू का?"

"राहू द्या. मी बघतो," सर म्हणाले, आणि दिवा बंद करून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागली.

पोटात कॉस्टिक सोडा घेऊन मी स्टँडवर तशीच उभी राहिले. कॉस्टिक काचेला खातो, हेही सरच शिकवतात. माझी तोटी हळूहळू जाम झाली. टोकाशी पांढरी खरड जमली. ज्या तोटीचा मला केवढा तोरा होता, ती मला जडूनच गेली.

सुट्टी संपल्यावर थेंबाबाई आपल्या सामानाच्या कपाटाची किल्ली परत करायला आली. सर आपल्या टेबलापाशी कागद चाळत होते. तिने किल्ली मामांना दिली. जाता जाता ती माझ्यापाशी आली, सवयीने वाकली आणि डोळा पातळीत आणला. बाजूला तीच चिठ्ठीची बाटली होती. खाली फ्लास्क होता, त्यातला गुलाबी रंग केव्हाच उडून गेला होता. तिला सगळे कळायला एक क्षण लागला.

"सर, बारा," ती म्हणाली.

सरांनी वर पाहिले नाही. "निकाल लागलेला आहे," ते कागदाशी बोलल्यासारखे म्हणाले.

तिने माझी तोटी फिरवून पाहिली, दुसऱ्यांदा जरा जोर लावला, मग हात काढून घेतला. ती रडली नाही. मला वाटले होते ती सरांना काही तरी बोलेल. "हिची तोटी धरली आहे, सर. त्याच दिवशी धुतली असती तर वाचली असती," एवढे बोलून ती गेली. त्यानंतर तिला मी कधीच पाहिले नाही.

मामांनी मला कोमट पाण्यात ठेवले, हलक्या हाताने ठोकून पाहिले, शेवटी नाद सोडला. मला उलटी करून त्यांनी द्रावण बेसिनमध्ये ओतले. जगात कुठे बारा हा आकडा उरला असेल तर तो माझ्यात होता, तोही वाहून गेला. थेंबाबाई आता आत्याच्या दुकानात बसते, असे मामा कोणाला तरी सांगत होते. निळा रंग अजून विटतो. वकील रसायनशास्त्राच्या शाखेत आहे आणि व्हरांड्यात उभा राहून नव्या मुलांना आकडा सांगतो.

मला मोडीत काढले नाही. वर्षातून एकदा, पहिल्या तासाला, मला अजून कपाटातून काढतात. सर मला हातात घेऊन मुलांसमोर धरतात आणि तेच सांगतात, बरोबर उत्तर नको, दिसले ते हवे. आवाज तसाच भारदस्त. फक्त आता ते मला तोटीवर अंगठा दाबून धरतात, पांढरी खरड कोणाला दिसू नये म्हणून. पुढच्या बाकांवरची मुले मन लावून ऐकतात. एखादीच्या डोळ्यांत तशीच चमक येते आणि मला थेंबाबाई आठवते.

मित्रांनो, माझी तुम्हांला एकच विनंती आहे. काम झाले की आम्हांला धुऊन ठेवत जा, त्याच दिवशी, उद्यावर टाकू नका. दुसरीही एक विनंती करणार होते, दिसेल तेच लिहा अशी. पण ती करायला आता जीभ रेटत नाही, कारण जिने ती ऐकली तिचे मार्क मी पाहिले आहेत.