लॉरीचा गाडा झाला, ती हकीकत

तुमचा विश्वास बसणार नाही. बसावा असा माझा आग्रहही नाही. राजाजीनगरात आजवर ज्यांना ज्यांना ही हकीकत सांगितली, त्यांच्यातल्या एकाचाही बसलेला नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. सत्तावन्न साली मी स्वतःच्या लग्नाला हत्तिणीवर बसून गेलो आणि माझी लॉरी त्याच हत्तिणीनं ओढत आणली. यशवंतपूरपासून थेट येलहंकापर्यंत. इंजिन बंद.

"बुरुडे सोडू नका, अण्णा," प्राणेश म्हणाला. थापांना आमच्या बेंगळुरात बुरुडे म्हणतात. प्राणेश आमचा शेजारी. रविवारी आमच्या व्हरांड्यात येतो, कॉफी पितो आणि कॉफीच्या बदल्यात माझ्या गोष्टीत खोट काढून जातो.

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. फोटोत हत्तीण आहे. वर बाशिंग बांधलेला मी आहे. हत्तिणीच्या मागे जाड दोरखंड आणि दोरखंडाच्या टोकाला लॉरीचं नाक. प्राणेशनं चष्मा पुसला, फोटोपाशी गेला आणि परत येऊन खुर्चीत बसला.

"आता ऐक," मी म्हटलं.

मी तेव्हा लॉरी चालवायचो. मुलगी बघायला येलहंकाला गेलो, सोबत माझी सोयराआत्या. मुलीचे वडील उमाजीराव एका लॉरी कंपनीत ड्रायव्हरांची लॉगबुकं तपासायचे. आत्यानं पत्रिका पुढे केली. त्यांनी ती न उघडताच बाजूला सारली.

"पत्रिका राहू द्या. लॉगबुक आणलंय का?"

"लॉगबुक?" आत्या म्हणाली. "अहो, मुलाचे ग्रह बघा की!"

"ग्रह काय करायचेत? हा झोपतो कधी, ते बघू दे मला."

त्यांचा सख्खा भाऊ लॉरीच्या स्टिअरिंगवर डुलकी लागून गेला होता. तेव्हापासून त्या माणसाला लॉगबुकाशिवाय दुसरं दैवतच नव्हतं. सलग पाच तास चालवली की अर्धा तास विसावा, आणि दिवसाचे नऊ तास भरले की गाडी बाजूला. "कायदा आहे," ते म्हणाले. "लग्नाच्या दिवशी लॉगबुक मांडवाच्या दारात तपासणार. नऊ तासांच्या पुढे मिनिटभर जरी चालवलेली निघाली, तर तिथूनच परत पाठवीन. लोकांच्या हातात अक्षता असल्या तरी."

दाराआड मुलगी उभी होती. मला दिसली ती फक्त तिची पावलं. तेवढ्यावर माझं ठरलं.

जाता जाता मी चेष्टेनं विचारलं, "मामा, लॉगबुक लागतं तरी कशाकशाला? बैलगाडीला लागतं?"

"माल वाहणाऱ्या लॉरीला लागतं. बैलगाडीला कशाला?"

"आणि लॉरीलाच बैल जुंपले तर?"

उमाजीरावांना चेष्टा कळत नसे, प्रश्न मात्र कळे. ते खरोखरच विचारात पडले. "इंजिन बंद आणि पुढे जनावर," ते म्हणाले, "म्हणजे तो गाडाच झाला. गाड्याला लॉगबुक नाही."

हे वाक्य मी खिशात घालून आलो.

आता हत्तीण कुठून आली? सोयराआत्यामुळे. तिचं म्हणणं, आमच्या घराण्यातले नवरदेव पिढ्यान्‌पिढ्या हत्तीवरून गेले. मी म्हटलं, बाबा तर सायकलवरून गेले होते. ती म्हणाली, म्हणूनच त्यांचं काही भलं झालं नाही. शेवटी चित्रदुर्गाकडच्या एका मठानं आपली हत्तीण दिली. जमनाबाई तिचं नाव. लग्नाच्या दिवशी पहाटेच तिला लॉरीत चढवली. तिच्यासोबत माहूत, जेवणावळीची तांब्याची भांडी आणि होळिग्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या पुरणपोळ्यांसाठी, गूळ.

"हत्ती आणि गूळ एकाच लॉरीत?" प्राणेश म्हणाला.

"ती घरंदाज होती. शिरा गावापर्यंत तिनं गुळाकडे बघितलंसुद्धा नाही. शिऱ्याला टायर पंक्चर झालं, आणि जॅक बघतो तर मोडलेला. मी डोक्याला हात लावून बसलो, तर बाई आपण होऊन खाली उतरल्या, सोंड घातली लॉरीखाली आणि उचलून धरली. मी चाक बदललं. मग मजुरी म्हणून तिनं एक ढेप मागून घेतली."

"मागून घेतली?"

"सलाम करून. पुढे ती केबिनच्या खिडकीतून सोंड घालून हॉर्न वाजवायला शिकली. बैलगाड्या बाजूला व्हायच्या, त्यांना ती आशीर्वाद द्यायची. या सगळ्यात वेळ गेला. नेलमंगलला माहूत कॉफी प्यायला उतरला, तिथं त्याला त्याचा साडू भेटला. मी हाका मारून थकलो. तो काही परत आला नाही. त्याला तिथंच सोडला आणि निघालो."

"आणि यशवंतपूरला?"

यशवंतपूरच्या बाजारासमोर माझे नऊ तास भरले. लॉरी बाजूला घेतली आणि लॉगबुकात तसं लिहिलं, कारण मी प्रामाणिक माणूस. गोरज मुहूर्त होता आणि ऊन कलायला लागलं होतं. येलहंकाला मुलगी नटून बसलेली, मांडवाच्या दारात तिचे वडील उभे. चालवावी तर लग्न मोडतं, न चालवावी तर मुहूर्त टळतो.

"लॉरी तिथंच ठेवून हत्तीवरून जायचं की," प्राणेश म्हणाला.

"आणि चारशे माणसांचा स्वयंपाक कशात करायचा? तुझ्या टोपीत? भांडी लॉरीत होती." तेव्हा मला मामांचं ते वाक्य आठवलं. हमालांकडून दोरखंड घेतला. जमनाबाईला उतरवली, लॉरीला जुंपली, बाशिंग बांधलं आणि तिच्या मानेवर चढून बसलो. अख्खा बाजार टाळ्या वाजवत होता. ती अशी निघाली की वाटेत एक बस मागे पडली. बसमधले लोक भाड्याचे पैसे परत मागायला लागले.

मांडवाच्या दारात उमाजीराव उभे, हात पुढे केलेला. मी वरूनच लॉगबुक दिलं. त्यांनी शेवटची ओळ वाचली, घड्याळ बघितलं, मग लॉरीकडे बघितलं.

"ही इथवर आली कशी?"

"लॉरी कुठाय, मामा?" मी म्हटलं. "इंजिन बंद, पुढे जनावर. हा गाडा आहे."

ते दोरखंडाच्या कडेकडेनं लॉरीपाशी आले. मग त्यांनी बॉनेटवर हात ठेवला—

"थांबा," आतून आवाज आला.

वसुमती, माझी बायको. ती आत अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. ही गोष्ट मी नेहमी ती बाजारात गेल्यावर सांगतो. आज अंदाज चुकला. ती शेंगांचं ताट घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"माहूत नेलमंगलला राहिला ना?"

"राहिला."

"तुम्ही हत्तिणीच्या मानेवर?"

"फोटोच आहे."

"मग स्टिअरिंगवर कोण होतं? वळणं लॉरी आपली आपण घेत होती?"

प्राणेश कप खाली ठेवून माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "जमनाबाई सोंड मागे वळवून—"

"जमनाबाई राहू दे. आप्पांनी बॉनेटवर हात ठेवला आणि पुढे काय झालं, ते सांगा ना. चटका बसला म्हणून ओढून घेतला! मी खिडकीतून बघत होते."

"उन्हानं तापलं होतं."

"गोरज मुहूर्ताला? खोटं बोलताय तुम्ही! लॉरी चालवतच आणलीत, आमच्या घराजवळच्या मारुतीच्या देवळाच्या कोपऱ्यापर्यंत. हत्तीण तिथं उतरवलीत आणि तिथं जुंपलीत. इंजिनाची घरघर मी माझ्या कानांनी ऐकली. आप्पांनीही ऐकली. दारातूनच ओरडून विचारलं त्यांनी, हा कसला आवाज गं? मी म्हटलं, पिठाची गिरणी, आप्पा."