टिपेवर बसलेली पट्टी

मी एक जुना ग्रंथ आहे. मला पुस्तक म्हणू नका मित्रांनो. पुस्तके पातळ असतात आणि लोक ती झोप यावी म्हणून वाचतात. माझी पाने अकराशे आहेत, वजन साडेचार किलो, आणि मला वाचता वाचता आजवर कोणी झोपलेले नाही. डोके धरून बसलेले मात्र पुष्कळ पाहिले. बोटीने परदेशातून येणाऱ्या कोणत्या वस्तूवर किती जकात घ्यायची, ते माझ्यात छापलेले आहे. पण जकात ही नंतरची गोष्ट. आधी ती वस्तू नेमकी काय आहे हे ठरवावे लागते. ते मी ठरवतो. निदान ठरवत असे.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझी पाठ ताठ होती आणि अंगाला शाईचा कोरा वास होता. बंदरावरच्या तपासणी शेडमध्ये, खिडकीशेजारच्या उतरत्या मेजावर मला ठेवले. माझे पहिले प्रकरण जिवंत प्राण्यांचे आणि दुसरे मांसाचे. कोंबडा आरवत उतरला तर पहिल्या प्रकरणात, पिसे काढून उतरला तर दुसऱ्यात. सर्कशीबरोबर आलेला सिंह मात्र पहिल्यात नाही; तो पार शेवटाकडे, जत्रेतल्या पाळण्यांच्या शेजारी. त्याच्या तोंडावर हे सांगायची हिंमत कोणाला झाली नाही, ते सोडा. कोंबडीच्या पिलांना वजनाप्रमाणे ओळ मिळते. प्रवासात दाणे जरा जास्त खाल्ले तर बंदरावर उतरेपर्यंत पिलाची ओळ बदललेली असते. मला या सगळ्याचा फार अभिमान होता.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे सुरू केले, ती सांगतो. दुसऱ्या प्रकरणाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत एक टीप आहे. ‘माणसाच्या खाण्यास अयोग्य असलेले मांस या प्रकरणात येत नाही.’ एवढीच. असे मांस पाचव्या प्रकरणात जाते, मेलेली जनावरे, शिंगे, केस यांच्या रांगेत. आणि आमच्या शेडमधून पाचव्याचा माल थेट भट्टीकडे जाई. ती टीप लक्षात ठेवा.

माझा पहिला मालक म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण त्यांना शिकवल्याशिवाय राहवत नसे. ‘आधी टीप, मग ओळ,’ हे त्यांचे पालुपद. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी ते त्याला माझ्या सगळ्या टिपा मोठ्याने वाचायला लावत. एकदा मेंढ्यांची बोट आली. वाटेत सात मेंढ्या मेल्या होत्या. बोटीचा दलाल मास्तरांच्या कानाशी लागला, “साहेब, कालच गेल्यात. कापून मांसात धरा ना, कशाला वाया घालवता?” मास्तरांनी मला उघडले, टिपेवर बोट ठेवले आणि दलालाला ती तीनदा वाचायला लावली. सातही मेंढ्या भट्टीत गेल्या.

तेव्हा दारात एक हमाल उभा होता. अंगाने दांडगा, म्हणून त्याला पैलवान म्हणत. तो हसून म्हणाला, “मास्तर, एवढीशी ओळ, आणि सात मेंढ्या अडवल्या की हो तिनं!”

पैलवानाला वाचता येत नव्हते, पण माझी सर्वांत जास्त काळजी त्यानेच घेतली. दर शनिवारी खांद्यावरचे फडके झटकून तो मला पुसायचा. “चला आजोबा, अंग पुसून घ्या,” असे म्हणायचा. मग फडके माझ्या मेजाशेजारच्या खिळ्यावर अडकवून फाटकाजवळच्या खानावळीत जेवायला जायचा. तिथे हमालांना मटण स्वस्तात मिळे. जेवून आला की त्याच्या बोटांना रश्श्याचा वास यायचा आणि मी मनातल्या मनात नाक मुरडायचो. आज तो वास आठवला की माझा जीव कासावीस होतो.

मित्रांनो, दर बदलले की ग्रंथ बदलत नाहीत. वरून छापील दुरुस्त्या येतात, कागदाच्या पट्ट्या. त्या जुन्या ओळींवर चिकटवायच्या असतात. मास्तरांचा त्याबाबत एक कडक नियम होता. पट्टीची फक्त वरची कड चिकटवायची. म्हणजे पट्टी उचलून खालचे जुने वाचता येते, आणि चुकून काही झाकले गेले तर लगेच दिसते. चारही कडा चिकटवणाऱ्याला ते सगळ्यांसमोर झापत. माझ्या अंगावर तीनशेच्या वर पट्ट्या आहेत आणि वारा आला की त्या पिसांसारख्या हलतात. एक सोडून.

मास्तरांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. त्याच सकाळी चाळीस पट्ट्या आल्या. बाहेर खुर्च्या मांडल्या जात होत्या, हारवाला येऊन बसला होता, आणि कोणीतरी सारखे “मास्तर, चला ना” म्हणून हाका मारत होते. दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या ओळीचा दर बदलला होता. खळ त्या दिवशी पातळ झाली होती. घाईत मास्तरांनी पट्टीला सगळीकडून खळ फासली आणि ती ठेवून दिली. ती घसरली, बोटभर वर सरकली आणि बरोबर टिपेवर जाऊन बसली. त्यांनी ते पाहिले. हो, पाहिले. “वाळलं की बघू,” असे पुटपुटून त्यांनी मला मिटले आणि ते हार घालून घ्यायला गेले.

मी मिटलेलाच राहिलो. बाहेरून आमच्या कचेरीच्या साहेबांचे भाषण ऐकू येत होते. चौतीस वर्षांत मास्तरांच्या हातून एकही चूक झाली नाही, असे ते म्हणाले. तेच वाक्य सुंदर अक्षरांत लिहून, काचेच्या चौकटीत घालून शेडच्या भिंतीवर लावले गेले, अगदी माझ्यासमोर. मी ते रोज वाचत असे.

पुढच्या वर्षी संगणक आला. एक टायपिस्ट महिनाभर माझ्याशेजारी बसून माझे पान न् पान यंत्रात उतरवत होती. जे दिसत होते ते तिने इमानाने उतरवले. जे दिसत नव्हते ते कसे उतरवणार? दुसऱ्या प्रकरणाची टीप यंत्रात गेलीच नाही. मला एका मोडक्या कपाटावर ढकलून दिले. धूळ बसू लागली. फक्त पैलवान तेवढा शनिवारी स्टूलावर चढून मला पुसत राहिला, आणि त्याचे फडके त्याच खिळ्यावर लटकत राहिले.

मास्तरांच्या हाताखाली शिकलेली एक तपासनीस होती. सगळे तिला ताई म्हणत. एके दिवशी एक गोठवलेल्या मांसाचा कंटेनर आला. ताईने दार उघडायला लावले आणि ती आत शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक खोके होते, एका बाजूने दबलेले, तळाला लालभडक बर्फाचा थर जमलेले.

“साहेब, हे वाटेत वितळलंय,” ती म्हणाली. “कंटेनरचं थंडाव्याचं यंत्र बंद पडलं असणार, दोन-तीन दिवस तरी. मग परत गोठवलंय. हे खायच्या लायकीचं नाही. दुसऱ्यात नाही घेता येणार, पाचव्यात टाका.”

साहेबांनी चष्मा वर केला. “कागद बघितलेस? तापमानाची नोंद चोख आहे. पशुवैद्याचा दाखला आहे. मग कुठल्या नियमानं अडवायचं?”

“दुसऱ्या प्रकरणाची टीप आहे ना.”

साहेबांनी संगणकावर दुसरे प्रकरण उघडून दाखवले. टीप नव्हती. स्टूल घेऊन ताईने मला खाली उतरवले, घाईघाईने पान काढले, आणि तिथेही टीप नव्हती. तिने मागची पाने पाहिली, पुढची पाहिली, पान गळले का म्हणून आकडे मोजले. माझी दुसरी प्रत शेडमध्ये नव्हती, आणि तीनशे पट्ट्यांत हीच एक चारही कडांनी घट्ट आहे हे तिच्या ध्यानात आले नाही. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो. ती माझ्यावर वाकून बसली होती, तिचा श्वास माझ्या पानाला लागत होता, आणि टीप त्याच श्वासाखाली एका कागदाच्या जाडीवर पडून होती.

“संध्याकाळी चारपर्यंत दाखव,” साहेब म्हणाले. “नाहीतर माल सोडतो. आणि उगाच माल अडवला म्हणून व्यापाऱ्यानं तक्रार केली, तर मी तुझ्या पाठीशी उभा राहणार नाही.”

ताईने मास्तरांना फोन केला. ते तीन वाजता आले. काठी टेकत, डोळे अधू झालेले. शेडमध्ये सगळे उठून उभे राहिले. पैलवानाने पुढे होऊन खुर्ची पुसून दिली. ताईने मला त्यांच्यासमोर उघडून ठेवले.

मास्तरांना अक्षर दिसेना, म्हणून त्यांनी पानावरून बोट फिरवले. ते बोट माथ्यावर आले आणि थांबले. जिथे एकपदरी कागद असायला हवा होता तिथे दोन पदर होते, आणि चारही कडा घट्ट होत्या. बोट त्या चारही कडांवरून एकदा फिरले. मला ते कळले, कारण ते माझ्याच अंगावर होते. त्यांना सगळे आठवले. मग त्यांनी मान वर केली. समोर भिंतीवर चौकट होती. अक्षरे वाचता येत नसतील कदाचित, पण काच चमकत होती.

“नाही गं,” मास्तर म्हणाले. “इथे काही टीप नाही.”

“मास्तर, तुम्हीच शिकवलंत ना? त्या सात मेंढ्या...”

“वय झालं माझं. चुकीचं शिकवलं असेन.” त्यांनी मला मिटले. “जुन्या आवृत्तीत असेल कदाचित.”

पैलवान मध्येच म्हणाला, “पण मास्तर, ती एवढीशी ओळ...” मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले नाही. काठी उचलून ते निघाले.

चार वाजता कंटेनर सुटला. खोकी लॉरीत चढवायला पैलवानच होता. व्यापारी नेहमीप्रमाणे फाटकाजवळच्या खानावळीत चार खोकी उतरवून गेला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पैलवानाने स्टूलावर चढून मला पुसले. “काय आजोबा,” तो हळूच म्हणाला, “खरं सांगा, ओळ कुठं गेली?” मग फडके खिळ्यावर अडकवून तो जेवायला गेला.

खानावळीत त्या दुपारी जेवलेले अकरा हमाल संध्याकाळपर्यंत दवाखान्यात होते. बुधवारपर्यंत दहा घरी परतले.

पुढच्या शनिवारी मला कोणी पुसले नाही. फडके खिळ्यावरच होते. पैलवानाची बायको ते न्यायला आली नाही. तिला कोण सांगणार की तिच्या माणसाचे एक फडके शेडमध्ये राहिले आहे? माझ्यावर धूळ बसली आणि ती मी पहिल्यांदाच तक्रार न करता बसू दिली.

सोमवारी सकाळी मास्तर आले. कोणी बोलावले नव्हते. त्यांनी ताईला हाक मारली आणि मला खाली काढायला सांगितले. “वाटीभर पाणी आण,” म्हणाले. “आणि एखादं फडकं.”

ताईने इकडे तिकडे पाहिले. शेडमध्ये दुसरे फडके नव्हते. तिने खिळ्यावरचे काढून दिले. मास्तरांनी ते हातात घेतले; त्यांना बहुतेक वासावरून कळले असावे ते कोणाचे. मग त्यांनी ते पाण्यात बुडवले, पिळले आणि माझ्या दुसऱ्या प्रकरणावर ठेवले. खळ ती, भिजल्यावर सुटली. मास्तरांनी नखाने कड धरून पट्टी सोलली. मला दुखले, पण मी ते अंगावर घेतले.

“वाच,” मास्तर म्हणाले.

ताईने वाचले. “माणसाच्या खाण्यास अयोग्य असलेले मांस या प्रकरणात येत नाही.” “मास्तर, तुम्हाला त्या दिवशी कळलं होतं.”

“कळलं होतं,” मास्तर म्हणाले. “लिहून घे. माझी सही घे.” मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि ते आधी खाली काढ.”

चौकशी बसली. साहेबांची बदली झाली. मला पुरावा म्हणून कापडात शिवून, लाख लावून एका कुलपाच्या कपाटात ठेवले आहे, आणि इथूनच मी तुमच्याशी बोलतो आहे. शिवण्यापूर्वी मी ताईचे शेवटचे वाक्य ऐकले. ती संगणकावरच्या माणसाला म्हणत होती, “ही टीप आत्ताच्या आत्ता चढव.”

तो म्हणाला, “इथे चढवतो, ताई. पण आपली यादी गेल्या वर्षी बाकीच्या बंदरांना पाठवली होती. त्यांनी ती पुढे कोणाकोणाला दिली, ते आता कुणाला ठाऊक?”

मित्रांनो, तुमच्याकडे जुने ग्रंथ असतील तर त्यांना रद्दीत घालू नका आणि त्यांच्या पट्ट्या उचलून बघत जा. चूक दुरुस्त करायला बसाल तेव्हा फक्त वरची कड चिकटवा, म्हणजे तुमची स्वतःची चूकही कोणाला तरी उचलून पाहता येईल. आणि बोटाखाली दोन पदर लागले तर भिंतीकडे पाहू नका, तेव्हाच्या तेव्हा बोला. माझ्यावरची पट्टी पाण्याने तरी सुटली. त्या दूरच्या बंदरांवरच्या यंत्रांत पट्टीच नाही, त्यामुळे तिथे उचलायलाही काही नाही. तिथे रोज सकाळी बोटी लागतात, खोकी उतरतात, आणि फाटकाजवळ कोणीतरी फडके खिळ्यावर अडकवून जेवायला जातो.