माझ्या खांद्याला लावलेलं लोणी

मित्रांनो, मी एक सायकल आहे. पण भंगारवाल्याला हाक मारायची घाई करू नका. माझं अंग टायटॅनियमचं आहे. मला लोखंड म्हटलं की माझा जीव जळतो, आणि जानेफळातलं निम्मं गाव मला लोखंडच म्हणतं.

माझ्या मालकिणीचं नाव सुचिता. तिचा भाऊ अविनाश बंगलोरला नोकरीला आहे. शाळेत असताना बहीण सायकलीच्या शर्यतीत पोरांना धूळ चारायची, हे तो विसरला नव्हता. त्यानं तिच्या पायाची, हाताची, पाठीची मापं नेली आणि शिंप्यानं चोळी बेतावी तसं कारागिरानं मला बेतलं. जिथं नळीला नळी जोडली तिथं मासोळीच्या खवल्यांसारखी बारीक वेल्डिंग आहे. रंग दिलाच नाही. मुळात रूप असलं की पावडर कशाला लागते?

मी सासरी आले तेव्हा सुचिताच्या सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, मला नवरीसारखं वरून खाली न्याहाळलं. घंटी नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही. "सोताच्या पायावर उभी राह्यता येत नाही, अन् नखरा पाहा हिचा," त्या म्हणाल्या. सून घट्ट कपडे घालून मेहकरच्या रस्त्याला जाते म्हणून बायकांत कुजबूज झाली, तेव्हा मात्र वच्छलाबाईच ओट्यावर उभ्या राहिल्या आणि आमच्या सुनेची सायकल विमानाच्या धातूची आहे, तुमच्या घरी तर साधं चाकही सरळ फिरत नाही, असं साऱ्यांना सुनावलं. त्या दिवसापासून कोणी ब्र काढला नाही.

पण माझ्यावर खरा जीव लावला तो सासऱ्यांनी, उकंडरावांनी. ट्रॅक्टर आल्यावर त्यांची बैलजोडी विकली गेली होती. हातांना सवय होती जनावराच्या अंगावरून फिरायची, आणि आता फिरवायला काही उरलं नव्हतं. सुचिता फेरी मारून आली की ते मला धरून घ्यायचे, उपरण्यानं धूळ पुसायचे, मुठीवर थोपटायचे आणि विचारायचे, "धाप लागली का वं?" कामावर जायची घाई असली तरी सुचिता हसत उभी राहायची. तेवढ्यापुरते ते पुन्हा गोठ्याचे धनी होत.

त्या वर्षी पोळ्यानंतरच्या रविवारी खामगावहून सायकलवाल्यांची दोनशे किलोमीटरची फेरी निघणार होती. सुचितानं नाव दिलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती स्वतःसाठी काही मागत होती, आणि घरानं हो म्हटलं होतं. उन्हापावसात आम्ही दोघींनी रस्ते तुडवले. चढावर ती दात आवळायची आणि मी तिच्या पायातला जोर थेंबभरही सांडू द्यायची नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळण असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. उकंडरावांकडे बैल नव्हते. वाटीत लोणी-हळद घेऊन ते माझ्याजवळ आले.

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी माझे खांदे चोळले, मान चोळली. चाकांच्या मधोमध पोलादाच्या पातळ तबकड्या आहेत. बैलाची शिंगं चकाकवावीत तसं त्यांनी त्यांनाही मन लावून लोणी लावलं आणि उपरण्यानं पुसून लख्ख केलं.

मित्रांनो, ब्रेक त्या तबकड्यांनाच धरतो. त्यांना तेलातुपाचं बोटही चालत नाही. हे सुचिताला ठाऊक होतं, पण तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. आणि मला तोंड नाही.

सकाळी माझ्या खांद्यावरची हळद पाहून तिनं नमस्कार केला, तशीच निघाली. सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. पुलाकडच्या उतारावर समोर बकऱ्या आल्या. तिनं ब्रेक दाबला. तो नुसता घसरला. तिनं मला कडेच्या मुरमावर घातलं. बकऱ्या वाचल्या, तिचा हात मोडला.

प्लास्टर करून तिला घरी आणलं, तेव्हा सगळे ओसरीत होते. नवरा गजेंद्र पुन्हा पुन्हा विचारत होता, "एवढी महागाची सायकल, मंग ब्रेक काऊन नाही लागला?"

सुचितानं माझ्याकडे पाहिलं. तबकडीच्या कडेला पिवळी रेघ होती. मग तिनं सासऱ्यांच्या हातांकडे पाहिलं. ते तिला पाण्याचा पेला देत होते आणि त्यांच्या नखांत अजून हळद होती.

"मलेच दाबायले उशीर झाला, मामाजी," ती म्हणाली.

तिनं म्हाताऱ्याचं मन राखलं. वच्छलाबाईंनी मात्र निकाल दिला: "त्या लोखंडानं पोरीचा हात खाल्ला. आता ते उंबऱ्यात नको." रविवार आला आणि गेला. मला सोयाबीनच्या पोत्यांमागं टेकवलं.

एका दुपारी उकंडराव तिथं आले. मला वाटलं, धूळ पुसतील. ते लांबच उभे राहिले.

"एवढं लोणी लावलं तुले," ते म्हणाले, "अन् माह्याच सुनेले पाडलंस. बैल असं करत नसते वं."

ते परत आले नाहीत. आता रिकामे हात मांडीत घेऊन ओट्यावर बसतात.

सुचिताच्या हाताचं हाड कधीच जुळलं. तिनं एकदा साबणाच्या पाण्यानं माझ्या तबकड्या धुतल्या, चाक फिरवून ब्रेक दाबला. कसा घट्ट लागला! पण बाहेर काढायचं तर घराला खरं सांगावं लागेल. ती दाराशी थांबली आणि मला जागेवर टेकवून गेली. तिला वाटतं, न बोलून तिनं मामाजींना सांभाळलं. तिला कोण सांगणार, की त्यांनी बैल दोनदा गमावले?

मित्रांनो, माया करायची तर आधी विचारा, समोरच्याला काय चालतं आणि काय नाही. आणि मायेनंच चूक झाली, तर ती पोटात ठेवू नका. लोण्याच्या हातानं झालेली चूक लोण्यासारख्या शब्दांनी सांगता येते. म्हातारी माणसं तुम्हाला वाटतात तेवढी कच्ची नसतात.

माझं काय, माझा धातू गंजत नाही. या पोत्यांमागं मी वर्षानुवर्षं वाट पाहू शकते. उकंडराव मात्र ऐंशीच्या घरात आहेत.