वळचणीखालचं मडकं

या, असे जवळ सरका. मागं बसलेल्यांनीही पुढं यावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. आपल्या देवींची, तिघी मातांची आण घेऊन सांगतो, हिच्यात राजा नाही, लढाई नाही. जवाची दारू करून विकणारी सेनिला नावाची एक बाई आहे आणि तिची भीती आहे. पण ऐकून उठाल तेव्हा आपापल्या घराच्या वळचणीकडे एकदा वळून बघाल, एवढा शब्द देतो.

"लुटीला शिरलं की सगळ्यात आधी चूल उकरायची," तिच्याकडं प्यायला बसलेला शिपाई म्हणाला आणि त्यानं पेला तोंडाला लावला. "मग उंबरा. मग गोठ्यात, गव्हाणीखाली. तुम्हा लोकांना चौथी जागा सुचतच नाही. काय गं म्हातारे, तुझं कुठंय?"

"माझं तुझ्याकडंच आहे की," सेनिला म्हणाली. "मागच्या खेपेचे पैसे. ते दे, म्हणजे मलाही पुरायला काहीतरी होईल."

सगळे हसले. शिपाईही हसला आणि त्यानं एक नाणं फेकलं. सेनिलानं सवयीनं ते अंगठ्यानं चोळलं. वरचा चांदीचा मुलामा निघाला, खालचं तांबं दिसलं. राजे तेव्हा इतके भराभर बदलत होते, की नाण्यावरचा चेहरा ओळखीचा व्हायच्या आतच त्याचा मुडदा पडल्याची बातमी येई. असली नाणी सेनिला बाजारात खपवून टाकी आणि जुनी, जड, दाढीवाल्या राजांची चांदी मागं ठेवी. आईच्या वेळची सगळ्यात खाली, तिच्या उमेदीतली त्यावर, नवऱ्याच्या आजारपणातही मोडली नाहीत ती त्याच्याही वर. तिचं सगळं आयुष्य असं थरांनी एका मडक्यात बसलं होतं.

आणि ते मडकं चुलीखाली होतं.

शिपाई गेल्यावर तिला चुलीजवळ उभं राहवेना. पूर्वेकडे, मोठ्या नदीच्या बाजूला, धुराची रेघ कालच्यापेक्षा जाड झाली होती. नदीपलीकडचे लोक गावं जाळत येत होते; आणि त्यांच्यापुढं पळत येणारे आपलेच शिपाई आधी काय करतात, ते तिनं आत्ताच ऐकलं होतं. परवा सगळं गाव रानात जाणार होतं. जीव घेऊन जाता येईल. पण परत आल्यावर बियाणं कुठलं, बैल कुठला, छप्पर कशाचं?

ती हवेला म्हणून दारात आली. बाहेर वळचणीखाली तिची सून बनोना आपल्या तान्ह्या पोरीला, विम्पाला, पाजत बसली होती. विम्पाला अजून दात यायचा होता.

सेनिलाची नजर तिथंच खिळली.

आपल्याकडे दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला चितेवर देत नाहीत. मडक्यात निजवून घराच्याच वळचणीखाली ठेवतात, पागोळ्यांच्या रेघेच्या आत, म्हणजे त्याच्यावरचं छप्पर जात नाही. ती माती कुणी उकरत नाही. चोर उकरत नाही, शिपाई उकरत नाही, नदीपलीकडचाही उकरत नाही. लेकरं त्यालाही असतात.

तिनं मुलाला, लोस्साला, हाक मारली आणि दोघांना आत घेऊन हळू आवाजात सांगितलं. बनोना ऐकता ऐकता पांढरी पडली.

"तुम्हाला वेड लागलंय, आत्याबाई. जित्या लेकराचं नाव घेऊन रडू? आणि ते कुणी ऐकलं तर?"

"मी तिघी मातांना आधीच सांगून ठेवते, हे खोटं आहे म्हणून."

"आणि तिघींतल्या एकीला कमी ऐकू येत असलं तर?"

ही भीती सेनिलालाही होती.

"आई, रानातच पुरू की," लोस्सा म्हणाला.

"रानात सगळं गाव लपणार आहे रे. तिथं झाडापेक्षा माणसं जास्त असतील. आणि धरलेल्या माणसाच्या तोंडून काय काय निघतं, माहीत नाही का तुला? इथं सगळ्यांच्या तोंडून एकच निघेल, इथं लेकरू पुरलंय."

बनोना रात्रभर विम्पाला छातीशी धरून बसली. उजाडायच्या आधी तिनंच तिला लोस्साच्या हाती दिलं. कोळशाच्या टोपलीत विम्पा रानातल्या कोळसेवाल्यांकडे गेली. इकडे सेनिलानं चूल उकरली, नाण्यांत भुसा दाबून भरला, वर खापराचं झाकण लावलं आणि मडक्याला विम्पाचंच बाळोतं गुंडाळलं. बाळोत्याला दुधाचा वास होता.

"घटसर्प झाला," तिनं गावात सांगितलं. "एका दिवसात गळा मिटला."

बायका जमल्या. बनोना लाकडासारखी उभी. डोळ्यांत टिपूस नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कुणीतरी कुजबुजली. सेनिलाला वाटलं, आता संपलं. पण तेवढ्यात विम्पाच्या पिण्याची वेळ झाली. बनोनाच्या अंगावरच्या कपड्यावर दुधाचे दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. तिनं खाली पाहिलं, आणि तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो कुणाला शिकवता येत नाही. मग एकही बाई रडायची राहिली नाही.

शेजारची मतूया काठी टेकत आली. नवरा केव्हाच गेलेला, मूल तर झालंच नव्हतं. तिच्या हातात पांढऱ्या मातीची छोटी मूर्ती होती. वेताच्या खुर्चीत बसून लेकराला पाजणारी आई. नव्या नवऱ्या देवळातून विकत आणतात ती. मतूयानं ती आयुष्यभर उशाशी ठेवली होती.

"दे ते इकडं," ती सेनिलाला म्हणाली. "आजीच्या हातानं उतरवायचं नसतं. शेजारणीनं उतरवायचं. विसरलीस होय?"

सेनिला विसरली होती. एवढं सगळं आखलं, आणि लहानपणापासून पाहिलेली हीच एक रीत तिच्या ध्यानातून गेली होती.

"राहू दे मतू, तुला पेलवायचं नाही."

"तान्ह्या लेकराचं ओझं पेलवायचं नाही मला? परवाच तर घेतली होती मांडीवर."

मतूयानं खाली वाकून मडक्याला दोन्ही हात लावले आणि उचलू पाहिलं. मडकं हललं नाही.

तिनं पुन्हा जोर लावला. आता ते उठलं, पण भुशातूनही आत काहीतरी सरकलं. बारीक, गार आवाज. मतूयाची मान वर झाली. तिचे डोळे सेनिलाच्या डोळ्यांत. सगळं गाव भोवती उभं होतं आणि म्हातारीच्या ओठांवर एक शब्द यायचा अवकाश होता.

"जड झालं गं माझं बाळ!" मतूया ओरडली. "जाताना किती जड झालं!"

आणि तिनं असा हंबरडा फोडला, की त्यात मडक्यातला आवाज कुठल्या कुठं गेला. मडकं खड्ड्यात उतरलं. झाकणावर तिनं आपली मातीची आई ठेवली. खरी, उशाशी होती तीच. मग सेनिलाच्या गळ्यात पडून तिच्या कानाशी विचारलं, "पोरगी कुठंय?"

"रानात. सुखरूप."

"बरं झालं. मग आता जरा नीट रड. तुझं खोटं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी गाव रिकामं झालं. मतूया निघेना.

"माझे गुडघे रानापर्यंत येतील, परत यायचे नाहीत," ती म्हणाली. "मी बसते तुझ्या वळचणीला. लेकराजवळ कुणीतरी बसलेलं बरं दिसतं."

"मतू, ते कुणाला सोडत नाहीत गं."

"मला घेऊन करणारेत काय? दारूत घालायच्याही कामाची नाही मी. जा, तुझी सून थांबलीय."

रानात दिवस गेले ते सगळे कान टवकारून. फांदी मोडली की भीती. पाखरं उडाली की भीती. पण सेनिलाची खरी भीती निराळीच होती. विम्पा खोकली की तिला वाटे, मरण आलं. मागितलेलं न्यायला आलं. एका सकाळी बनोना हसत आली, विम्पाच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा दात दिसत होता. दात आलेल्याची जागा वळचणीखाली नसते, सेनिलानं स्वतःला समजावलं. समजूत पटली नाही.

गाव परतलं तेव्हा अर्ध्या घरांचा कोळसा झाला होता. शिपायानं सांगितलं होतं तसंच सगळं. चुली उकरलेल्या, उंबरे उपटलेले, गव्हाणींखाली खड्डे. सेनिलाचं मागचं छप्पर जळालं होतं, पुढची वळचण तेवढी उभी होती. तिच्याखाली भिंतीला पाठ लावून मतूया बसली होती. हनुवटी छातीवर, पुढ्यात लेकराच्या नावानं ठेवलेली दुधाची रिकामी वाटी, अंगावरचं रक्त वाळून काळं पडलेलं. तिला त्यांनी काय विचारलं, ती काय म्हणाली, ते कुणालाच ठाऊक नाही. तिच्याखालची माती मात्र बसून बसून गुळगुळीत झाली होती.

तिला अग्नी दिला. विम्पा जिती बघून गावानं काय ते ओळखलं, पण मतूया बसली होती ती माती कुणी उकरली नाही; घरातही कुणी मडक्याचं नाव काढलं नाही.

थंडी पडली आणि विम्पाला ताप भरला. आधी खोकला, मग गिळेना, मग गळ्याला सूज. सेनिलानं पोरीचं तोंड उघडून उजेडात धरलं. जो आजार तिनं आपल्या तोंडानं गावभर सांगितला होता, तोच.

लोस्सानं कुदळ घेतली.

"आपल्या ह्या धाकट्या नदीच्या त्या काठाला खानावळवाल्याकडं दुभती शेळी आहे. मध आहे. बनोनाचं दूध आटलंय, आई. दोन नाणी काढतो. जास्त नाही, दोनच."

सेनिला धावत बाहेर गेली आणि वळचणीखाली बसली. मतूया बसली होती तिथंच, तशीच, भिंतीला पाठ लावून.

"नाही."

"अगं, चांदी आहे ती! तूच ठेवलीस ना?"

"मी भरली तेव्हा चांदी होती. मतूनं उतरवली तेव्हा लेकरू झालं." तिनं दोन्ही तळवे मातीवर दाबले. "नाव घेऊन पुरलंय रे मी. ती जागा भरलेली आहे म्हणून आपली पोरगी अजून वर आहे. तू ती रिकामी केलीस तर तिथं कोण निजायचं?"

"उपाशी मारशील तिला तुझ्या भीतीपायी!"

सेनिला जागची हलली नाही. लोस्सानं कुदळ उचलली, आईच्या पायाशेजारी. तेवढ्यात मागून बनोनानं दांडा धरला.

"त्या दिवशी मी खोटं रडले नव्हते," ती नवऱ्याला म्हणाली. "राहू दे ते."

मग सेनिला उठली आणि मागच्या तळ्याकडे गेली. पाण्यावर बर्फाची साय धरली होती. ती कमरेपर्यंत आत शिरली, पायानं चाचपलं आणि गाळातून तिचा काशाचा हंडा ओढून काढला. आईकडून आलेला, तिच्या साऱ्या धंद्याचा एकुलता एक हंडा. रानात जाताना तो तिनं तळ्यात बुडवला होता. मायलेकांनी तो धाकट्या नदीच्या उतारातून पलीकडे नेला.

खानावळवाल्यानं हंड्यावर बोटानं टिचकी मारली. तो बराच वेळ घणघणत राहिला.

"चांगला आहे. पण हा विकलास तर तू करशील काय?"

"ढवळीन," सेनिला म्हणाली. "एवढा मोठा हंडा घेतलास तर ढवळायला बाई लागेलच की तुला."

संध्याकाळी शेळी घरी आली, मधाचं बुधलं आलं. विम्पाला थेंब थेंब पाजलं. किती दिवस ते चाललं ते विचारू नका. घरात कुणी मोजले नाहीत. एका सकाळी पोरगी स्वतःहून रडली, मोठ्यानं, भुकेनं. मायबापहो, कुणी म्हणेल मातांनी वाचवली, कुणी म्हणेल शेळीनं. मी तिघींनाही हात जोडतो आणि शेळीलाही.

त्यानंतर सेनिला रोज नदी उतरून जायची आणि दुसऱ्याच्या घरात आपलाच हंडा ढवळायची. त्याचा प्रत्येक पोचा तिच्या हाताला ठाऊक होता. गिऱ्हाइकं तिला "ए ढवळणारे" म्हणून हाक मारत. ती ओ द्यायची. भीती मात्र तिची कधी गेली नाही. विम्पा शिंकली तरी ती बाहेर जाऊन मातीवर हात ठेवून यायची. माती घट्ट आहे ना, एवढंच बघायची.

मातांच्या सणाला विम्पानं वळचणीखाली दूध घालायचं, असा तिनं घरात रिवाज पाडला. विम्पाचे पुढचे दात पडले त्या वर्षी तिनं वाटी हातात धरून विचारलं, "आजी, इथं कोण निजलंय गं?"

"तुझ्या वाटचं कुणीतरी निजलंय."

"मग त्याला सगळं घालू, का थोडं मी पिऊ?"

"थोडं पी की."

विम्पानं अर्धं दूध पिऊन घेतलं, उरलेलं स्वतःच्या नावावर ओतलं आणि मनगटानं तोंड पुसून खेळायला पळाली.

ते घर आता नाही. वळचण नाही, पागोळ्यांची रेघ नाही. तिथं शेत आहे. मडकं मात्र कुणी काढलेलं नाही. तेव्हा तुमच्यातल्या कुणाच्या नांगराला ते लागलं, तर नाण्यांना हात घालायच्या आधी झाकणावर बघा. पांढऱ्या मातीची एक आई बसलेली असेल. ती दिसली की मतूयाची आठवण काढा. सेनिलाचीही काढा असं मी म्हणणार होतो, पण ती आत्ता इथं असती तर मला गप्प करून म्हणाली असती, आधी मतूची.