नऊ वाफांची हंडी

मित्रांनो, मी एक जुनी वाफवायची हंडी आहे. मातीची, जाड ओठांची आणि बुडाला सात भोकं असलेली. आता अशा भांड्याच्या पोटात गोष्ट टिकणार तरी कशी? मला गप्प बसवतच नाही. पण एकदा अख्खा हिवाळा मला एक गोष्ट दाबून ठेवावी लागली, आणि माझा जीव नुसता वरखाली होत होता.

कोरियातल्या चोंगउप गावाजवळच्या एका कुंभारानं मला घडवलं. भट्टीतून काढल्यावर त्यानं टिचकी मारली, मी खणखणले, आणि तो म्हणाला, "ही बडबडी निघणार!" जोमरे आजी लग्न होऊन आली त्याच वर्षी मी तिच्या चुलीवर चढले. तेव्हा ती आजी नव्हती म्हणा. पुढं कैक वर्षं पाठीवर पोर बांधून दिवसभर पळत असायची.

आमचं काम जिहवांगच्या मुळांचं. औषधी मुळं ती. तांदळाच्या दारूत भिजवायची, माझ्यात वाफवायची, मग छपरावर नेऊन उन्हात वाळवायची. पुन्हा भिजवायची, पुन्हा वाफ, पुन्हा ऊन. असं नऊ वेळा! आठ चालत नाहीत. वाफ निसटू नये म्हणून आजी माझ्या आणि खालच्या पातेल्याच्या सांध्याला कणकेची वळी लिंपायची. "जोमरेच्या मुळांना तोड नाही हो," असं शेजारणी म्हणाल्या की मी फुगून जायचे.

मग हे-रिम नावाची एक तरुण पोरगी आमची मुळं न्यायला येऊ लागली. शहरातल्या प्रयोगशाळेत ती स्नायूंवर संशोधन करायची. स्नायू साखर कशी जाळतात, त्यांचा जोर का ओसरतो, असलं काहीतरी. काचेच्या बशीत स्नायूंच्या पेशी वाढवून ती त्यांना आमच्या मुळांचा अर्क द्यायची.

"म्हातारपणी पाय का गळतात ते शोधतेय मी, आजी."

"त्यात शोधायचं काय? वापरून वापरून गळतात. तू जेव मुकाट्यानं," म्हणत आजी तिच्या वाटीत आणखी किमची वाढायची.

दोन वर्षं पेशींनी साखर झपाट्यानं जाळली. हे-रिमचा शोधनिबंध छापून आला. आजीला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तिनं तो गावभर मिरवला.

तिसऱ्या शरदात आजीला छपराचा जिना चढवेना. सहाव्या वाफेनंतर ती खालच्या पायरीवर बसली ती बसूनच राहिली. नऊ वाफांनंतर होतात तशी मुळं काळी तर दिसतच होती. तिनं ती कागदात बांधली आणि हे-रिमला सांगितलं, "झाल्या नऊ." खोटं! मी चुलीवर होते ना! पण हंडीचं कोण ऐकतं?

वसंतात हे-रिम आली ती निम्मी होऊन. आजीनं तिच्यासाठी माझ्यात तांदळाच्या पिठाची, लाल चवळी घातलेली वडी वाफवायला ठेवली. हे-रिम जमिनीवर बसली आणि बोलत सुटली.

"पेशी ढिम्म आहेत, आजी. यंत्रं तपासली, नळ्या बदलल्या. मदतनीस मुलीला नाही नाही ते बोलले, रडवलं तिला. आता एकच उरलं. माझं आधीचं कामच चुकीचं होतं, असं उद्या पत्र पाठवून कळवते आणि निबंध मागे घेते."

आजी खाली मान घालून लसूण सोलत राहिली. माझा तर संताप संताप झाला. अगं बोल ना बाई! पोरीची वर्षं पाण्यात चालली! मी असा जोर लावला की कणीक तडकली आणि वाफ शिट्टी मारत बाहेर आली.

"अगं बाई, वाफ चालली," म्हणत आजी उठायला गेली. एक हात जमिनीवर, दुसरा चुलीच्या कठड्यावर. कंबर जरा उचलली आणि परत खाली. पुन्हा जोर केला, पुन्हा खाली.

हे-रिम पुढे सरकली. "आजी, हे कधीपासून?"

"शरदापासून."

"मग जिना? वाळवण?"

आजीनं लसणाची सालं गोळा करायला घेतली.

"सहा," ती म्हणाली. "सहाच झाल्या गं. पन्नास वर्षं नऊ केल्या मी. लाज वाटली सांगायला."

आता ही भडकणार, असं मला वाटलं. हे-रिमनं कपाळावर हात मारला. "यंत्राचा एकेक स्क्रू तपासला मी. आणि तुमचे पाय कसे आहेत, हे एकदाही विचारलं नाही. मी! स्नायूंचा अभ्यास करणारी!"

"छान जोडी जमलीय," आजी डोळे पुसत म्हणाली. "एक खोटारडी, एक आंधळी. आता ऊठ, कणीक लिंप. वडी कच्ची राहिली तर मलाच बोल लावशील."

हे-रिमनं आधी कणीक लिंपली, मग अंगणात जाऊन त्या मदतनीस मुलीला फोन केला. बराच वेळ माफी मागत होती. पत्र तिनं पाठवलं नाही. यंदा टोपल्या घेऊन तीच जिना चढते आणि आजी खालून ओरडते, "हळू, पोरी! मुळं सांडशील!" काल सातवी वाफ झाली. पेशी काय करतील, कोण जाणे. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी फुटले तर दुसरी हंडी मिळेल. पण तुमच्या घरात कुणी आजकाल बसल्या जागेवरूनच हाका मारत असेल, तर नुसती ओ देऊन थांबू नका. जवळ जा आणि विचारा, "उठता येतंय ना?"