गोळी घेतली ना?

तिने आईच्या उशाचा डबा गादीवर उपडा केला. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या सहा पट्ट्या पडल्या. पाच अखंड, सहावीतल्या दोनच गोळ्या गेलेल्या.

“आई, हे काय आहे?”

“गोळ्या. दिसत नाहीत का?” आई टॉवेलची घडी घालत म्हणाली.

“अगं, पण तू रोज सकाळी आठला ‘हो’ दाबतेस. माझ्या फोनवर दिसतं मला.”

“दाबते की. एक दिवस चुकवलेला नाही.”

काल जिन्यात आईला भोवळ आली. शेजारच्या काकूंनी धरलं म्हणून निभावलं. रक्तदाब एकशे नव्वद निघाला, तेव्हा तिने डॉक्टरबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं, गोळी चुकत नाही, माझ्याकडे नोंद आहे.

नोंद तिच्याच कंपनीची. रुग्णांना गोळीची आठवण करून देणारं अ‍ॅप ते बनवत. दोन वर्षांत वीस माणसांची दोनशे झाली होती, बैठकीची खोली मिळेना म्हणून बैठका जिन्यात उरकत. अ‍ॅपमधली मराठी वाक्यं तिची. आधी प्रश्न होता, ‘गोळी घेतली का?’ शंभरात अडुसष्ट जण ‘हो’ म्हणत. तिने ‘का’ काढून ‘ना’ घातला. घरच्यासारखं वाटतं, म्हणाली. महिन्याभरात अडुसष्टचे सत्त्याण्णव झाले. टाळ्या पडल्या, तिला बढती मिळाली, आणि त्या आकड्यावर भाळून बारा रुग्णालयांनी होकार कळवला. सोमवारपासून तिथे काम सुरू व्हायचं होतं.

“घ्यायची नव्हती तर ‘नाही’ दाबायचंस!”

“त्या गोळीने दिवसभर गरगरतं गं. दोन घेतल्या, सोडल्या. ‘नाही’च दाबणार होते.” आईने घडी पुन्हा मोडली. “पण तू विचारतेस, घेतली ना? ‘ना’ म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार? मी विचारायची, पेपर सोपा गेला ना? कधी नाही म्हणालीस?”

गणितात दोनदा नापास होईपर्यंत ती ‘हो’च म्हणत आली होती. तिला हसू आलं आणि स्वतःचा रागही.

दुपारी तिने कंपनीच्या मालकाला ऑफिसच्या जिन्यातच गाठलं आणि ‘ना’ काढून पुन्हा ‘का’ घालायचा म्हणाली.

“एका अक्षराने काय होतंय?” तो म्हणाला.

“एका अक्षरानेच तर एकोणतीस वाढले होते.”

“सोमवार होऊन जाऊ दे.”

“माझी आई पडली असती.”

तो कठड्याला टेकला.

“बदल. पण आकडा पडला तर रुग्णालयांना तू सांगायचंस.”

“सांगते.”

दुसऱ्या दिवशी आठ वाजता प्रश्न ‘का’ लावून गेला. नऊपर्यंत आकडा एकसष्टवर आला होता. कुणीतरी “बोंबला!” म्हणालं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. आठ वाजून एका मिनिटाला तिच्या फोनवर आईचं ‘नाही’ आलेलं होतं. पहिलंच.

तिने फोन लावला.

“आई, गोळी बदलून मिळते का बघू. डॉक्टरबाईंची वेळ घेतलीये. जाशील ना?” ती अडखळली. “म्हणजे, जाशील का?”

“भीती वाटते गं,” आई म्हणाली. “तू बरोबर ये.”