उपरण्यातली शक्ती

रविवारी सकाळी आगाशीपलीकडच्या पाड्याच्या मैदानात माणसांपेक्षा गाई-म्हशीच जास्त जमल्या होत्या. काहींच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, काही लंगडत होत्या. काही चांगल्या धडधाकट होत्या, पण आपलंच जनावर मागे कशाला ठेवा म्हणून त्याही रांगेत. रांगेच्या टोकाला उपरणेबाबा. प्रत्येक जनावराच्या तोंडात तो आपलं पिवळं उपरणं फिरवी आणि रोगाला दटावी, "लपू नकोस. नाव सांग, गाव सांग, कुणी धाडलं ते सांग." आधार कार्ड तेवढं मागायचं राहिलं होतं.

एमिली आपली मोगरी घेऊन उभी होती. नुकतीच व्यालेली पहिलारू गाय, पोटाशी गोजिरी पाडी, आणि दुधाचे सगळे रतीब तिच्याच जिवावर. मोगरीला काही झालेलं नव्हतं. मागे सरकारी दवाखान्यातले डॉक्टर हिलरी लस घेऊन दारात आले होते, तेव्हा एमिलीनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. लस टोचली की दूध आटतं, असं सगळा पाडा म्हणत होता.

बाबानं लाळेनं भिजलेलं उपरणं मोगरीच्या तोंडात फिरवलं आणि डोळे मिटले. "हिच्यात बाधा दडलीय. आठवड्याच्या आत बाहेर पडेल. मग मीच घालवीन."

आणि खरंच, आठवड्याच्या आत मोगरी लाळ गाळू लागली. जिभेवर फोड आले, खुरांत जखमा झाल्या, वैरणीला ती तोंड लावेना. दूध आटलं. शेजारचा लेस्ली म्हणाला, "बघ एमिलीबाय, आदीच सांगितलं ना त्यानं? दवाखान्यातल्या कोनाला कळलं काय?"

पाडी आईला लुचतच राहिली. एका दुपारी पिता पिता ती कोसळली. एमिलीनं तिच्या छातीवर हात ठेवला, हाका मारल्या, तोंडात पाणी सोडलं. पाडी उठली नाही. संध्याकाळी बाबाचा निरोप आला, वासरानं आईची बला स्वतःवर घेतली, आता गाय वाचेल.

तेव्हा कुठे एमिलीनं डॉक्टरांना बोलावलं.

"लाळ्या खुरकूत आहे," मोगरीचं तोंड पाहून डॉक्टर म्हणाले. "विषाणूचा रोग."

"औषद द्या ना."

"विषाणू मारणारं औषध नाही, एमिलीबाई. तोंड धुवा, खुरं धुवा, मऊ खायला घाला आणि वाट बघा. मोठी जनावरं बहुतेक आपली आपण उठतात. वासरांच्या मात्र काळजालाच तो धरतो."

"मंग बाबाला आदी कसं कळलं?"

डॉक्टरांनी उलट विचारलं, "पाड्यात कुणाची गाय अजून धड आहे?"

एमिलीनं आठवून पाहिलं. रोझीची. ती इतकी मारकी की मैदानात न्यायला कुणी तिचं दावं सोडायला धजलंच नव्हतं.

"आजारी जनावराची लाळ उपरण्याला, आणि तेच उपरणं धडधाकट जनावराच्या तोंडात," डॉक्टर म्हणाले. "असलं भाकीत करायला अंगात देव यावा लागत नाही. रोगही तोच देतो, आणि गाय आपोआप उठली की श्रेयही तोच घेतो."

एमिली मोगरीची खुरं धुवायला पाणी घेऊन आली. मोगरीला तिनंच तिथे नेलं होतं.

पुढच्या रविवारी बाबा शेजारच्या पाड्यावर गेला. चर्चमधली मिस्सा बुडवून, आपल्यासोबत रोग जाऊ नये म्हणून कपडे बदलून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पाय धुऊन एमिलीही गेली आणि जनावरांपासून लांब, रस्त्यावरच उभी राहिली.

"बाबा, येवढंच करा. ते उपरनं दर जनावरामागं उकळत्या पान्यात घाला."

बाबा हसला. "वेडे, उकळलं तर त्यातली शक्ती मरेल."

"डॉक्टर तेच म्हनतात. उकळलं की मरते."

दोघातिघांनी आपल्या गाई रांगेतून बाहेर काढल्या. बाकीचे म्हणाले, हिची पाडी गेली, डोकं फिरलंय हिचं. उपरणं पुढच्या तोंडात गेलं. ते हिसकावून घ्यायची ताकद एमिलीत नव्हती. ती नुसती बोलत राहिली.

"देवाला हात जोडा, नको कोन म्हनतंय? पन आदी लस टोचून घ्या. आजारी जनावर येगळं बांधा. परक्याचा हात नि परक्याचं फडकं गोठ्यात येऊ देऊ नका. जनावराला बोलता येत नाय, इचार आपल्यालाच करायला पायजे."

मोगरी पुढे उठली, चरू लागली. दूध मात्र निम्म्यावर आलं ते आलंच. पाड्यात अजून सांगतात, एमिलीची गाय बाबानं वाचवली.